सगळ्यात मागचा दोरा

अप्पा, तुम्ही लबाड होता.

हे मला तुमच्या शोकसभेत म्हणता आलं नाही. तिथं माझं नाव पुकारल्यावर मी उठले आणि म्हणाले की अप्पांमुळं भूममध्ये वाचनाची गोडी लागली, त्यांची उणीव भरून निघणार नाही. चार लोक बोलतात तेच बोलले. तुम्ही समोर असता तर चष्मा कपाळावर सारून विचारलं असतं, बाई, हे कुठल्या गाईडातनं पाठ केलं? म्हणून आता परंड्याच्या स्टँडवर गाडी लावून, पुढची फेरी सुटेपर्यंत हे लिहायला बसलेय. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही. का, ते तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडू नये असं आमचे हे म्हणतात. त्यांना काय माहीत, आपलं नातंच भांडणाचं. अकरा वर्षांत एका पुस्तकावर आपलं एकमत झाल्याचं मला आठवत नाही. आणि शेवटचं भांडण मी केलं ते पुस्तकावरून नव्हतंच, ते तुमच्यावरून होतं. त्याची माफी मागायची राहिली. ती मागायलाच खरं तर बसलेय, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, आधी थोडं भांडल्याशिवाय मला माफी मागता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी कंडक्टर म्हणून वाशीकडून बदलून भूमला आले. नवीन डेपो, नवीन ड्रायव्हर, आणि पहिल्याच आठवड्यात गाडीतली घंटीची दोरी तुटली. ड्रायव्हर म्हणाला, समोरच्या गल्लीत अप्पांचं दुकान आहे, तिथनं बांधून आणा. कासरे, दावी, सुतळीचे गुंडे, पोळ्याचे गोंडे, घागरमाळा, आणि ह्या सगळ्याच्या मधे तुम्ही, मांडीवर खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. मी दोनदा हाक मारली तरी वर बघितलं नाहीत. मी वैतागून म्हणाले, गाडी सुटायचीय माझी. तुम्ही पुस्तक न मिटता म्हणालात, "ह्या पोराचा बाप मरायला लागलाय, तेवढा मरू द्या की."

मग दोरी इतकी पक्की करून दिलीत की ती गाडी भंगारात गेली तरी गाठ सुटली नाही. आणि दोरी वळता वळता विचारलंत, वाचता का? मी म्हणाले, भरतीसाठी वाचलं तेवढंच, आता वेळ कुठं? तुम्ही गोंड्यांच्या गठ्ठ्यातला राणी रंगाचा एक दोरा ओढून काढलात आणि माझ्या हातात दिलात. हा तुमचा, म्हणालात, हरवू नका.

मला वाटलं, म्हातारा येडा आहे.

पुढं कळलं की त्या दोऱ्यांवर तुमचं अख्खं मंडळ चाललंय. पुस्तक एकच, वाचणारे चार, पुढं पाच झाले. प्रत्येकाचा वार ठरलेला, त्या दिवशी पुस्तक घरी न्यायचं आणि दुसऱ्या सकाळी दुकानात आणून ठेवायचं. जिथवर वाचून झालं तिथं आपापल्या रंगाचा दोरा. जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर मुनीरभाई निळे, जाधव सर पिवळे, मी राणी. तुमचा बिनरंगाचा, साधी सुतळी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान थंड असायचं, त्या दुपारी आपण पायरीवर बसून बोलायचो. आणि नियम एकच. ज्याचा दोरा सगळ्यात मागं, तिथवरच बोलायचं. त्याच्या पुढचा एक शब्द कुणाच्या तोंडून गेला तर सगळ्यांना त्याचा चहा.

किती चहा पाजले मी, अप्पा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या दुपारच्या गप्पा आठवल्या की मला अजून गाडीत एकटीला हसू येतं. जगात लोक पुस्तकाबद्दल काय काय थोर बोलत असतील, आपण बघायचो ते लेखकाला आपलं काम येतंय का. एका कादंबरीत म्हैस गाभण राहिल्यापासून सहाव्या महिन्यात व्याली, तर मुनीरभाईंनी पुस्तक मिटलं आणि दोन आठवडे वाचलंच नाही. म्हणाले, ज्याला म्हैस कळंना त्याला माणूस काय कळणार. दुसऱ्या एकात नायकानं बैल खुंट्याला कासऱ्यानं बांधला, तेव्हा तुमचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला. कासरा हाकायला, दावं बांधायला, एवढं बी न्हाय ठावं, असं तुम्ही महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता. मी कुठं कमी होते? एका कथेत कंडक्टर गाडी थांबवायला डबल बेल मारतो. अरे बाबा, थांबायला सिंगल, निघायला डबल. मी ती कथा तिथंच टाकून दिली आणि तुम्ही मला तीन दिवस समजावत होता, बाई, एका बेलवरनं माणसाला गाडीतनं उतरवू नका. स्वतः मात्र कासऱ्यावरून लेखकाला माफ केलं नाहीत.

आणि सुमन. ती आपल्यात आली ती चहाची किटली घेऊन. स्टँडच्या भिंतीला तिची टपरी. चहा द्यायची, ग्लास परत न्यायचं निमित्त करून उभी राहायची आणि ऐकायची. एक दिवस हळूच म्हणाली, पुस्तकातली माणसं चहा मागवत्यात आणि बोलत बसत्यात, चहा गार होतो. गार करायचा असंल तर मागवत्यात कशाला? आपण सगळे पोट धरून हसलो. तुम्ही नाही हसलात. तुम्ही आत गेलात आणि हिरवा दोरा घेऊन आलात. ती लाजून मागं सरली. म्हणाली, म्या चौथी शिकल्याली, मला वाचाय लई येळ लागंल. तुम्ही म्हणालात, मला बी लागतो.

ते खरं होतं, असं आम्ही समजत होतो. तुमची सुतळी कायम शेवटी. सर एकदा तुम्हाला गोगलगाय म्हणाले तर तुम्ही खूश झालात. गोगलगाय पडत न्हाय, म्हणालात.

आता त्या दिवसाकडं येते. यायलाच पाहिजे.

पुस्तक ते शिलाई मशीनवाल्या बाईचं. धाकटी सून घर सोडते, डोक्यावर मशीन घेऊन चालत तालुक्याला जाते, भाड्याची खोली घेते. ती परत घरी येते का नाही, ह्यावर आपण अडीच महिने भांडत होतो. मी, सर, मुनीरभाई एका बाजूला, येणार नाही म्हणून. पलीकडं सुमन एकटी. ती बारीक आवाजात म्हणायची, यील की, मशीनची पेटी तिनं सासरीच ठेवलीया, पेटी सोडून कोण जातंय. आम्ही तिला हसायचो. मग तुम्ही तिच्या बाजूला जाऊन बसलात आणि म्हणालात, मला बी वाटतंय, यील. तेव्हापासून दोन्हीकडून जोर चढला. सुमन बोलायला लागली, हात हलवून बोलायला लागली. एका दुपारी तर तिचं टपरीवरचं दूध उतू गेलं, पण ती मुनीरभाईंना सोडून उठली नाही.

आणि मी चार मंगळवारांत पुस्तक संपवून बसले होते. मला शेवट माहीत होता आणि बोलता येत नव्हतं. सरांचं झालं, मुनीरभाईंचं झालं. तुमची सुतळी मात्र अजून मधल्याच धड्यात. सुमनचा हिरवा तुमच्या दोन पानं पुढं, बस्स. त्या दिवशी माझी फेरी उशिरा आली होती, साहेबानं बोलून घेतलं होतं, डोकं तापलेलंच होतं. पुस्तक उघडलं, तुमची सुतळी बघितली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, वाचायचं नसंल तर दोरा काढून घ्या. एकाच्या पायी चौघांनी किती दिवस खोळंबायचं?"

 तुम्ही पुस्तक माझ्या हातातून घेतलंत, सुतळी सरळ केलीत आणि हसून म्हणालात, "येतो की बाई मागनं. म्या चढल्याबिगर डबल बेल मारू नका, म्हंजे झालं."

मी तणतणत उठून गेले. सुमनकडं मी बघितलंसुद्धा नाही. तुम्ही बघितलं असणार.

पुढच्या बैठकीला मी आले नाही, ड्युटी बदलून घेतली. खोटं कशाला बोलू, फुगून बसले होते. सर म्हणाले, सुमनपण आली नव्हती, ग्लास द्यायला टपरीवरच्या दुसऱ्या बाईला पाठवलं. मला वाटलं, असेल गर्दी. मग दोनच दिवसांनी, इथंच, परंड्याच्या स्टँडवर, मुनीरभाईंचा फोन आला. मी फेरी पुरी केली. भूमपर्यंत तिकिटं फाडली, सुट्टे दिले, एका म्हातारीला जागा करून दिली. हात काम करत होते. तुम्हाला नेताना कपाळाला विभूती लावून, हार घालून बसवलं होतं तुमच्या लोकांत बसवतात तसं, आणि मला एकदम वाटलं की दुकानातच बसलेत, आता दोनदा हाक मारावी लागणार.

पंधरा दिवसांनी तुमच्या सुनेनं, महानंदानं, घरी बोलावलं. तुमचा मुलगा बसवराज दुकान चालवणारच आहे, पण फळीवरच्या पुस्तकांचं काय करू असं त्याला विचारायचं होतं. मी म्हणाले, राहू द्या तिथंच, अप्पांचं ते मशीनवालं पुस्तक तेवढं अर्धं राहिलं बघा.  म्हणाले, शेवट न कळताच गेले.

महानंदा माझ्याकडं बघायला लागली. "मामंजींचं? अर्धं? अवो ताई, पुस्तक आणलं की पयल्या दोन दिसांत वाचून काढायचे ते. जेवाय बोलावलं तर उठायचे न्हाईत. पुरं झाल्यावरच दुकानात न्यायचे."

मी विचारलं, ते मशीनवालं? तर म्हणाली, ते तर दोनदा वाचलं, आणि शेवटाला डोळे पुसत होते.

मी तिथनं दुकानात आले. बसवराजनं स्टूल दिलं. पुस्तक उघडलं. हिरवा दोरा आणि त्याच्या मागं दोन पानांवर सुतळी. बराच वेळ मी ती दोन पानं बघत बसले.

मग सगळं मागचं आठवायला लागलं, एकातून एक. सुमनच्या आधी सगळ्यात मागं कोण होतं? मी. माझं पहिलं पुस्तक मला तीन महिने पुरलं होतं. एकेक ओळ बोट ठेवून, गाडीच्या हिसक्यात, अर्धे शब्द न कळता. तेव्हा रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी दुकानात यायचे ते फक्त एक बघायला, की तुमची सुतळी अजून माझ्या मागं आहे ना. असायची. दोन पानं. कधी तीन. मला काय बरं वाटायचं, अप्पा. घरी जाऊन ह्यांना सांगायचे, तिथं एक म्हातारे आहेत, जन्मभर वाचतात, तरी माझ्यापेक्षा हळू. एकदा तर तुम्हाला आणखी मागं टाकायला मी रिकाम्या गाडीत बसून सात पानं ओढली होती, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणालात, बाई, आता मला न्हाय गाठू देत तुम्ही.

सात पानांचा तो माज मला अकरा वर्षं पुरला. त्याच्याच जोरावर मी वाचायला शिकले, आणि त्याच्याच जोरावर तुम्हाला चारचौघांत बोलले.

लबाड म्हणते ते म्हणून. शेवट ठाऊक असून अडीच महिने तुम्ही उलट्या बाजूनं भांडलात. ती येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही पेटीची शपथ घेत होता. त्या दुकानात स्टुलावर बसून मी आधी चिडले, मग रडले. बसवराज बिचारा पाणी घेऊन आला.

चुकलं माझं, अप्पा. हे तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. नुसतं "चुकलं" एवढंच, त्याला काय लागतं? पण मला वाटलं पुढच्या आठवड्यात बोलू, तोवर जरा ताणून धरू. तुमच्यापाशी मी कायम ताणून धरायचे, कारण तुम्ही सोडणार नाही ह्याचा भरवसा होता.

तिथनं उठून मी सुमनच्या टपरीवर गेले. तिनं मला बघितलं आणि गाळणी धुवायला घेतली. मी म्हणाले, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बसायचंय, येतेस ना? ती म्हणाली, न्हाय ताई, तुमचंच खरं हाय, म्या लई मागं, तुमी समदे खोळंबता. मी म्हणाले, मी अप्पांना बोलले होते, तुला नाही. ती म्हणाली, अप्पांच्या म्होरं दोनच पानं तर होते.

बघा. मला दोन पानांचं अंतर दिसलं नव्हतं, आणि तुम्हाला मारलेला टोमणा तेवढंच अंतर ओलांडून तिला लागला होता.

मग तिनं जे सांगितलं ते तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत. त्या भांडणानंतर तुम्ही रोज दुपारी पुस्तक काखेत मारून टपरीवर जायचात. एका दमात जिना चढवत नव्हता तुम्हाला, आणि उन्हातून चालत जायचात. बाकड्यावर बसायचात आणि विचारायचात, आज कुठवर?

"म्हणायचे," सुमन म्हणाली, "तू थांबलीस तर मागं म्या एकलाच राहतो बघ, मला सोबत पायजे. त्यांच्यासाठी वाचत होते, ताई. आता कुणाला सोबत करू?"

माझ्या तोंडातून पटकन निघालं, "मला कर."

ती म्हणाली, तुमचं तर कवाच झालंय, दोरा काढला तुमी. आणि तिथं, अप्पा, स्टँडच्या भिंतीला टेकून, मी अकरा वर्षांतलं पहिलं नीट खोटं बोलले. म्हणाले, घाईत चाळलं गं नुसतं, शेवटची पन्नास पानं वाचलीच नाहीत, उगाच तोऱ्यात दोरा काढला. आता पुन्हा मागनं धरलंय. तिनं चहा दिला. तो मी गार होऊ दिला नाही.

पर्समधे तो राणी दोरा होताच. त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन मी तो पुस्तकात घातला, तुमच्या सुतळीला लागून, त्याच पानात. तुमची सुतळी काढली नाही. कुणी काढणारही नाही.

काल बाजाराचा दुसरा दिवस होता. सर आले, मुनीरभाई आले. पायरीवर तुमची जागा सोडून सगळे अंग चोरून बसले. बराच वेळ कुणी पुस्तकाला हात लावेना. मी सारखी रस्त्याकडं बघत होते. वाटलं, नाही येणार. मग पदराला हात पुसत सुमन आली. किटली नव्हती हातात. आली ती सरळ पुस्तक घेऊन उघडलं, हिरव्याच्या मागं राणी दोरा बघितला, बोटानं दोन पानं मोजली, आणि बसली.

मुनीरभाईंनी पण दोरा बघितला. त्यांचा महिनाभराचा दम संपत आला होता. म्हणाले, कंडक्टरबाई, हे काय, आता तुमच्यामुळं खोळंबायचं का? माझं डोकं तापलं. तुम्हाला माहीत आहे मला कसं होतं ते. तोंड उघडलं होतं मी, आणि शेवट ओठावर आला होता. त्यांच्या पुढ्यात तो फेकला असता की मी मोकळी झाले असते.

तेवढ्यात सुमन म्हणाली, "येतील की त्या मागनं. आपन कुठं चाललोय?"

 मी खाली मान घालून दोऱ्याशी चाळा करत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

मग सुमननं विषय काढला. पेटी अजून तिथंच आहे, म्हणाली, ती येणार म्हणजे येणार. सर म्हणाले, येत नाही. ती म्हणाली, अप्पांना बी वाटत होतं यील म्हणून. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, की ही आता काय बोलते.

मी म्हणाले, मलाही आता वाटायला लागलंय, येईल.

सुमन सरकून माझ्या शेजारी आली. अजून साठ पानं आहेत, तिच्या चालीनं दिवाळी उजाडेल. मग ती शेवटाला पोचेल, आणि आम्ही दोघी मिळून हरू. तोवर मी तिच्या मागं दोन पानं आहे, अप्पा. फक्त एवढं खोटं बोलताना तुम्ही हसू कसं आवरायचात, ते विचारायचं राहून गेलं.